न फोडलेली पाळ

खोबऱ्याचा तुकडा चावून अर्धा झाला तेव्हा गोपीचंदला कळलं, की हा प्रसाद कुणाचा आहे. तुमसरच्या एका राइस मिलच्या फाटकाशी वजनकाटा आहे. त्या काट्याच्या खोलीत तो सकाळपासून बसला होता. दिवाळी उरकली होती, नवं धान येत होतं, फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली होती. बपेऱ्याकडून आलेला भुपेंद्र ड्रायव्हर गाडी काट्यावर चढवून खाली उतरला, खिडकीतून हात आत घालून त्यानं तुकडा दिला आणि गोपीचंदनं तो सवयीनं तोंडात टाकला. मग भुपेंद्र म्हणाला, "रस्त्यात टायर फुटला भाऊ, पन गाडी नाही पलटली. गिरजामायनं वाचवलं. पांढरटोल्याले नारळ फोडूनच येऊन राहिलो." गोपीचंदचं तोंड जागच्या जागी थांबलं. थुंकावं तर प्रसाद, आणि गिळावं तर घशाखाली उतरेना. समोर काट्याचे लाल आकडे केव्हाच स्थिर झाले होते, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता आणि भुपेंद्र पावतीसाठी हात पुढे करून उभा होता. ज्या गिरजामायनं त्याची गाडी सावरली ती आठ वर्षांपूर्वी याच खोलीत, याच मोडक्या खुर्चीवर, काट्याच्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर जन्माला आली होती, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? गोपीचंदनं पावती फाडून दिली आणि पाण्याच्या घोटाबरोबर तो तुकडा कसाबसा खाली ढकलला.

तिचं नाव कुठून आलं हेसुद्धा त्याला पक्कं आठवत होतं. मिलच्या आवारात सांडलेलं धान झाडून गोळा करणारी एक गिरजाबाई होती. तंबाखू मळता मळता ती ड्रायव्हर लोकांना अशा शिव्या द्यायची, की मालकसुद्धा वळसा घालून जायचे. ती वारली त्याच महिन्यात गोपीचंदनं कादंबरी सुरू केली आणि नायिकेला दुसरं नाव सुचेना. पांढरटोल्याचा तलाव बांधून होतो, पहिल्याच मोठ्या पुरात त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटते, टाकलेली माती टिकत नाही, तेव्हा तलाव बांधणाऱ्याची धाकटी सून गिरजा त्या खिंडारात आडवी होते आणि म्हणते, टाका माझ्यावर माती. इतकीच गोष्ट. या तलावांच्या मुलखात अशा गोष्टी पैशाला पासरी मिळतात. पांढरटोल्याच्या तलावाबद्दल मात्र तशी एकही कुणी सांगत नव्हतं, म्हणून तर त्यानं तो निवडला. नागपूरच्या एका पेपरात दर रविवारी ती छापून आली, मग 'गिरजेची पाळ' नावाचं पुस्तक निघालं, मग झाडीपट्टीतल्या एका मंडळीनं तिचं नाटक केलं आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणून जत्रा भरते, तिथे मंडईमंडईला ते गाजलं. कुणीतरी पाळीवरच्या एका दगडाला शेंदूर फासला. दगडावर टिनाचं छप्पर आलं, छपराला घंटा आली, आणि आता समिती नेमून संगमरवरी मूर्तीही आणली होती. करायला गेलो गणपती नि झाला मारुती म्हणतात ना, इथे तर मारुतीला तेल वाहणंही सुरू झालं होतं. आणि अजूनही डोळे मिटले की गोपीचंदला देवीच्या जागी दिसायची ती हातात खराटा घेतलेली, गालात तंबाखूची गोळी धरलेली बाई.

वाद लावला तो शहापूरच्या एका निवृत्त प्राध्यापकानं. मालगुजारीच्या जुन्या कागदांत, गॅझेटियरात, कुठेच ही बाई नाही. लेखकानं पुरावा द्यावा, नाहीतर हे कल्पित आहे असं जाहीर करावं, असा त्यांनी पेपरात लेख लिहिला. त्यावर दुसऱ्यानं लिहिलं की श्रद्धेला पुरावा मागणारे तुम्ही कोण. तिसऱ्याला पुस्तकातली गिरजा पाण्यात उतरताना लुगडं गुडघ्यापर्यंत खोचते याचा राग आला. देवीचे गुडघे दाखवले म्हणून गोपीचंदनं जाहीर माफी मागावी, असं त्यानं फर्मावलं. मोबाइलवर तर रोज नवी लढाई. पुस्तक त्यातल्या निम्म्यांनी उघडलंही नसेल. गोपीचंद हे सगळं खाली मान घालून वाचायचा आणि प्रत्येक वेळी त्याच्या मनात यायचं, की एका वाक्याचं काम आहे, टाकावं लिहून. पण त्या वाक्याच्या आड त्याचं दुसरं एक वाक्य बसलेलं होतं. पाच वर्षांपूर्वी भंडाऱ्याला त्याचा सत्कार झाला. जन्मात पहिल्यांदा खांद्यावर शाल आली होती, हारातलं पाणी मानेवरून आत ओघळत होतं, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, "हे खरं घडलं का जी?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नाही म्हणायला जीभ रेटेना. तो माइकवर म्हणाला, "खरंच आहे माय. जुन्या लोकायकडून आयकलं मी." किती टाळ्या पडल्या होत्या! ते भाषण आजही लोकांच्या मोबाइलमध्ये होतं. प्राध्यापकांच्या प्रत्येक लेखाखाली कुणी ना कुणी ते लावायचंच. काटेवाला माणूस तो, लोक त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. त्यानं उभ्या आयुष्यात एक पोतं इकडचं तिकडे केलं नव्हतं, आणि खोटं बोलला ते नेमकं तिथे, जिथे उलट वजन करून पाहायची सोयच नव्हती.

तरीही देवीचं एक वेळ सोडून देता आलं असतं. कुणी नारळ फोडतं, कुणाची गाडी सावरते, त्यात कुणाचं काय बिघडतं? बिघडलं होतं ते धनीरामच्या घरचं. कादंबरीत पाळ आपोआप फुटत नाही. खालच्या गावानं फितवलेला एक माणूस ती फोडतो, आणि तो माणूस तलावाचं तुडूम सांभाळणारा असतो. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातलं पाणी सोडायचं दार. ते कधी उघडायचं, कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, किती वेळ द्यायचं, कधी बंद करायचं, हे काम तलावाच्या गावात एकाच घराकडे असतं, बापाकडून लेकाकडे जातं. गोपीचंदनं कादंबरीत त्या माणसाला नाव दिलं नाही. नाव नाही म्हणजे कुणाला लागणार नाही, असं त्यानं प्रकाशकाला मोठ्या शहाणपणानं सांगितलंही होतं. तो स्वतः पांढरटोल्यात जन्मलेला, त्यानं करावी अशी ती चूक नव्हती. तुडूमवाला म्हटलं की पांढरटोल्यात पोरगंसोरगंही एकाच अंगणाकडे, धनीरामच्या, बोट दाखवतं. नाटकातही त्याला नाव नव्हतं, गरजच पडली नाही. तो रंगमंचावर आला की लोक चपला फेकायचे, आणि पहिल्या प्रयोगाला धनीराम पुढेच बसला होता म्हणतात.

गेल्या महिन्यात धनीरामची सून रुपा इथेच खिडकीशी येऊन उभी राहिली होती. पदर डोक्यावर, हातात कापडी पिशवी. आधी त्याला वाटलं धान घेऊन आलेल्या कुणाची तरी बायको असेल. "भाऊ, ते पुस्तक तुमीच लिवलं ना?" तिनं विचारलं. ओरडली नाही, रडलीही नाही, आणि त्याचाच गोपीचंदला धसका बसला. "माही साधना मास्तरीण आहे. तिचं साक्षगंध झालं होतं, लग्नाचे कपडे घेतले होते. पोराकडचे मंडईले आले, नाटक पाह्यलं, अन् घरी जाऊन फोन केला का पाळफोड्याच्या घरची पोरगी आमाले नाही पायजे. दोन वर्साचं हेच होऊन राहिलं. गावात माह्या सासऱ्याच्या हातचं पाणी कोनी घेत नाही. ज्यायच्या वावरात त्यायनं जलमभर पाणी सोडलं, थेच." मागे ट्रक येऊन थांबला होता. ती खिडकीच्या कडेला सरकली, ट्रकचं वजन होईपर्यंत थांबली, मग पुन्हा पुढे आली. "आता मूर्तीपाशी फरशी बसवून राहिले. तिच्यावर समदा इतिहास कोरनार आहेत म्हने, तुडूमवाल्याचंबी. दगडावर कोरलं का झालं भाऊ. मंडईच्या दिवशी तुमालेच बलावलं आहे ना? तवा फक्त एवढं म्हना का हे तुमी मनानं लिवलं." गोपीचंद म्हणाला, "म्हणतो." अगदी सहज म्हणाला. ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण तिला बसही म्हटलं नाही.

मनानं लिवलं. हो, पण कुठल्या मनानं? त्या दिवसापासून हा एकच काटा त्याच्यात रुतून बसला होता. चूक झाली, विसरलो, असं तो रुपाला सांगू शकला असता, स्वतःला कसं सांगणार? तो दहा वर्षांचा होता त्या साली पाऊस मध्येच गेला. त्यांची बांधी तलावाच्या पाण्याच्या अगदी शेवटाला. सगळ्यांचं झालं की मग त्यांची पाळी. धान पोटरीत आलं होतं. बाप आणि तो पहाटेपासून बांधावर बसले होते. नालीतून पाणी येताना आधी वाळक्या पानांची सरसर ऐकू येते, मग भुरकट फेसाचं तोंड दिसतं. ते तोंड दिसलं. शेजारच्या बांधीपर्यंत आलं. आणि तिथेच पाणी मंदावलं, चिखलात मुरलं, थांबलं. बाप धावत तुडुमाकडे गेला आणि गोपी त्याच्या मागे. तुडुमावर तिशीतला धनीराम उभा होता, उघडा, मांड्यांपर्यंत ओला, आणि बाप त्याच्यापुढे हात जोडत होता. "होत नाही," एवढंच धनीराम म्हणाला आणि दुसरीकडे पाहू लागला. पुढल्या वर्षी बापानं ती बांधी दुसऱ्याला कसायला दिली आणि तो तुमसरला मिलमध्ये हमाल झाला. पंचांनीच हुकूम केला होता, तलावात जनावरांपुरतंच पाणी उरलं होतं, हे गोपीचंदला मोठेपणी कळलं. पण कळून उपयोग काय, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. पावत्यांच्या पाठीवर पाळ फोडणारा माणूस लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे मांड्यांपर्यंत ओला असलेला एकच माणूस होता. त्याला लिहिताना हात भरभर चालला होता. त्या पानांना तर समीक्षकांनी कादंबरीतली सगळ्यात जिवंत पानं म्हटलं होतं. त्यानं चाळीस वर्षं डूख धरला होता आणि तो असा डसला, की ज्याला डसला त्याला कारणही ठाऊक नसावं. याची गोपीचंदला लाज वाटत होती. उन्हाळ्यात अंगाला कपडा चिकटतो तशी ती चोवीस तास चिकटून होती.

घरीही सुटका नव्हती. रुपा येऊन गेली त्या संध्याकाळी त्यानं बायकोला, शकुनबाईला, सगळं सांगायचं ठरवलं. ती तांदूळ निवडत होती. तो म्हणाला, "तुले एक सांगाचं होतं. गिरजा अशी कोनी झाली नाही. थे माह्या डोक्यातली आहे." शकुनबाईचा हात सुपात थांबला. मुलीच्या, गुड्डीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नागपूरचे डॉक्टर झाले, औषधं झाली, आणि शेवटी आईनं पांढरटोल्याला जाऊन ओटी भरली, नवस बोलली. आता गुड्डीला सातवा महिना होता. शकुनबाई हलक्या आवाजात म्हणाली, "मंग गुड्डीच्या पोटात कोन आहे? थेबी तुमच्याच डोक्यातलं का?" "अवो, तुमाले का वाटते, तुमी लिवलं? तुमी सातवी नापास मानूस. तिनं लिहून घेतलं तुमच्याकडून. हे तोंडातून पुन्हा काढू नोका, पोरगी मोकळी होयेपर्यंत तरी. माही आन आहे." आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली, पण आता खड्यांबरोबर चांगले दाणेही बाहेर टाकत होती. तिला भीती वाटत होती, खरीखुरी. आणि तिची भीती पाहून गोपीचंदही भ्यायला. गिरजा कधी नव्हतीच हे सगळ्या जगात एकट्या त्यालाच नक्की माहीत होतं. तरी दोन दिवसांनी गुड्डीच्या पोटात कळ आल्याचा फोन आला, तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "गिरजामाय, सांभाळ." निघून गेलं आणि मग तो काट्याच्या खोलीत एकटाच ओशाळून बसला.

समितीचा अध्यक्ष प्रविण मंडप-डेकोरेशनचा धंदा करायचा. त्याचं बोलणंही मंडपासारखं, कुठूनही आत शिरावं तरी माणूस बरोबर मधोमध यायचा. गोपीचंदनं त्याला फोनवर म्हटलं, की तुडूमवाल्याचं खोटं आहे, तेवढं तरी फरशीवर कोरू नका. प्रविण हसला. "भाऊ, तुमी मोठे मानूस, तुमाले दया येते. पन तुमीच भंडाऱ्याले बोलले ना का खरं आहे? आता अर्धं खरं अन् अर्धं खोटं कसं चालन? तो शहापूरवाला प्राध्यापक टपूनच बसला आहे. तुमी एक वीट काढली का थो पूरं देऊळ पाडन." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. तरीही मंडईच्या आदल्या दिवशी गोपीचंदनं कागद घेतला. पावतीचा नव्हे, चांगला रेघांचा. त्यावर त्यानं लिहिलं: गिरजा मी कल्पनेनं लिहिली. पाळ कुणीही फोडली नव्हती. त्या घराची मी माफी मागतो. तीन वाक्यं लिहायला त्याला दुपार लागली. बायकोच्या नजरेला नजर न देता त्यानं घडी करून तो कागद सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. छातीशी काहीतरी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला भूक लागली.

पांढरटोल्याला तो पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. गावात पाळणे लागले होते, जिलेबीचा वास सुटला होता, शाळेच्या पटांगणात दंडारीच्या नाचाच्या ढोलकीवर थापा पडत होत्या. पाळीवर मोठा मंडप होता; मूर्तीवर लाल कापड, शेजारच्या फरशीवर पिवळं कापड. कार्यक्रमाला अजून वेळ होता. माणसं पाया पडायला येत होती. त्याच्याच पाया पडत होती. एका बाईनं तर लेकराचं डोकं त्याच्या पायावर टेकवलं. त्या हातांतून निसटत तो पाळीवरून उलट्या बाजूला चालत सुटला, आणि चालता चालता तुडुमापाशी आला. तिथे दगडावर धनीराम बसला होता. पांढराशुभ्र धुतलेला सदरा, नवा दुपट्टा, आणि त्यातून बाहेर आलेली वाळक्या काडीसारखी मान. मांड्यांपर्यंत ओला तो माणूस यात कुठेच नव्हता. "ये गोपी," तो म्हणाला, "मी तुहीच वाट पाहून राहिलो होतो."

गोपीचंद उभाच राहिला. मग सगळं एकदमच बाहेर आलं: "काकाजी, मी आज सांगतो. समद्यायसमोर. कागदावर लिहून आनलं आहे. तुमच्या घरानं काही केलं नाही. मी तुमच्यावर राग धरला होता, माह्या बापाचं पाणी तुमी तोडलं होतं म्हनून." धनीरामनं कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. "तुह्या बापाचं? कोन्या साली?" मग मान हलवली. "मले याद नाही बापा. कितीकायचं तोडलं असंन. बंद कराले सांगे तं बंद करो." तो थोडा सरकला, दगडावर जागा केली. "बस. आयक आता. थो कागद काढू नोको."

"काहून?"

"परवा साधनाच्या पाह्यन्याचे आले होते. तुमसरचे आहेत, चांगले लोक आहेत. पोराले पोरगी पसंद आहे. त्यायचं एकच म्हननं आहे, का मायच्या पायापाशी समद्या गावासमोर माफी मांगा, दोष उतरवा, मंग आमी सोयरिक करतो. प्रविणनंबी मान्य केलं. माफी मांगतली का फरशीवर तेबी कोरनार आहेत, का ह्या घरानं माफी मांगतली अन् मायनं माफ केलं. मी हो म्हनलं."

"पण तुमी कायची माफी मांगता? घडलंच नाही ते!"

"मले का मालूम नाही?" धनीराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं. "माह्या आज्याच्या वक्ती, त्याच्या आज्याच्या वक्ती, ही पाळ कवाच फुटली नाही. आमच्या घरात तेच तं सांगत आले. पन आता तू खोटं म्हनशीन तं का होईन? लोक म्हनतीन, पाळफोड्यानं लेखकाले पैसे देल्ले. मांडव पेटवतीन. अन् पोराकडचे म्हनतीन, माय खोटी तं माफीबी खोटी, मंग दोष कसा उतरला? माही नात पंचवीस वर्साची आहे गोपी. तुहं खरं तुह्यापाशी राहू दे."

गोपीचंदचा हात आतल्या खिशापाशी गेला होता, तो तिथेच राहिला. पाण्यावरून वारा येत होता. मंडपात कुणीतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' करत होतं, आणि मग त्याचं नाव पुकारलं गेलं, आधी 'आदरणीय' लावून. त्याला वाटलं, ओरडावं. कुणाला आणि काय, ते सुचेना. धनीरामनं गुडघ्यावर हात टेकले, पण उठला नाही. काहीतरी राहिलं होतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक सांग. कसं फोडलं थे? मी तुहं पुस्तक वाचलं नाही, मले वाचता येत नाही. नाटकातबी चपला पडाले लागल्या तसा उठून गेलो. लोक इचारतीन तं मले सांगता आलं पायजे. कुदळीनं फोडलं का फावड्यानं?"

गोपीचंदचा हात खिशावरून खाली आला. "कुदळीनं," तो म्हणाला.

"कोन्या बाजूनं?"

"तुडुमाच्या उजव्या बाजूनं. माती तिथं मऊ होती."

"हं. अन् कायले फोडलं?"

"खालच्या गावाले पाणी पायजे होतं. त्यायनं जमीन देतो म्हनून सांगितलं."

"देल्ली का मंग जमीन?"

हे पुस्तकात नव्हतं. गोपीचंदनं कधी त्याचा विचारच केला नव्हता. धनीराम मान पुढे करून, शाळेतल्या पोरासारखा, पाठ करायला तयार होऊन वाट पाहत होता. "नाही," गोपीचंद म्हणाला. "फसवलं त्याले. काहीच नाही देल्लं." धनीराम चुकचुकला, जणू आपल्याच आज्याची त्याला कीव आली होती. माइकवर पुन्हा नाव पुकारलं.

"अन् संगं कोन होतं? का एकटाच होता?"

"एकटाच होता."

"हे बेस केलं," धनीराम म्हणाला आणि दुपट्टा सारखा करत उठला. "दुसऱ्या कोनाच्या घरावर नाही जात."